नमन कीं उपासना? एका ग्रीक क्रियापदाची हकीकत

आज आपणांपुढें मी एका शब्दाची हकीकत सांगणार आहें. शब्द ग्रीक भाषेंतला आहे, आणि तो आढळतो ख्रिस्ती लोकांच्या 'नव्या करारां'त. मी कांहीं ग्रीक भाषेचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन, पुढें अध्यापनाचें शिक्षण घेऊन मीं बीड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून मुलांना बाराखडी, पाढे आणि इतिहास शिकविला, आणि सेवानिवृत्त झाल्यावर उतारवयांत हौसेनें ग्रीक मुळाक्षरें गिरविलीं. तेव्हां माझ्या बोलण्यांत विद्वत्तेपेक्षां जिज्ञासाच अधिक आहे, हें आधींच सांगून टाकतों. परंतु ही जिज्ञासा मला कां लागली, त्याला एक कारण घडलें. आणि तें कारण म्हणजे माझ्याच हातून झालेली एक चूक होय.

बीडजवळचा नारायणगड आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. नगद नारायण महाराजांच्या समाधीमुळें तें स्थान प्रसिद्ध आहे, आणि भाविक लोक त्याला 'धाकटी पंढरी' म्हणतात. एकादशीला गडावर जाऊन घटकाभर नुसतें बसून राहावें. नमस्काराचे किती प्रकार दृष्टीस पडतात! कोणी उभ्याउभ्या हात जोडतो. कोणी पायरीला हात लावून तो कपाळीं नेतो. कोणी उंबरठ्यावर डोकें टेकतो, तर कोणी भुईवर काठीसारखा आडवा पडून दंडवत घालतो. दोन वारकरी भेटले, कीं वय आणि मान न पाहतां एकमेकांच्या पायां पडतात. तेवढ्यांत एखादा गृहस्थ साहेबाची गाडी आलेली पाहून धांवत जातो आणि कमरेंत वांकून त्यालाहि नमस्कार करतो. देह सर्वत्र सारखाच वांकतो आणि शब्दहि आपण एकच वापरतों. पण समाधीपुढचा भाव वडिलांपुढें नसतो, आणि वडिलांपुढचा भाव साहेबापुढें नसतो. डोळ्यांना जें एकच दिसतें, तें मनांत एकच असतें काय? आजच्या शब्दाचें सारें मर्म या प्रश्नांत आहे.

आतां ती चूक सांगतों. सुमारें चाळीस वर्षांपूर्वी मी एका लहान गांवच्या शाळेंत होतों. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं शाळेंत पाटीपूजन होतें. मुलांनीं पाटीवर सरस्वती काढली, फुलें वाहिलीं, आणि एकेकानें पुढें येऊन डोकें टेकलें. एक मुलगा मात्र हात जोडून उभा राहिला, वांकला नाहीं. घर ख्रिस्ती होतें, हें मला ठाऊक होतें. मीं कारण विचारलें, तेव्हां तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पायां पडतों, पाटीच्या नाहीं." मला तो उद्धटपणा वाटला. मीं त्याला वर्गाबाहेर उभें केलें, आणि चार मुलांदेखत टाकून बोललों. दुसऱ्या दिवशीं सणाची सुटी असूनहि त्याची आजी माझ्या बिऱ्हाडीं आली. ती जें बोलली तें मला अद्याप शब्दशः आठवतें : "गुर्जी, लेकराचं काई चुकलं आसंल तर माफी करा. पर आमच्या सासऱ्यानं वाड्याम्होरं जल्मभर जोहार घातला. आता आमी एकाम्होरंच वाकतो."

गांवकीच्या जुन्या रहाटींत महार समाजाच्या माणसानें वरच्या म्हणविणाऱ्या जातींतील माणसाला 'जोहार' घालावा असा दंडक होता, हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. परंतु ज्या घरानें तो घातला होता, त्या घरचा आवाज मीं त्या दिवशीं प्रथम ऐकला. तरीहि माझा अहंकार शमला नाहीं. पुढें नगरला गेलों असतां मीं एक मराठी नवा करार विकत घेतला; खरें सांगावयाचें तर, त्यांत विसंगति सांपडली तर पाहावी, या हेतूनेंच. विसंगति सांपडलीहि! एके ठिकाणीं एक नोकर राजापुढें पालथा पडून गयावया करतो आणि त्याला कोणी दोष देत नाहीं. दुसरीकडे एक रोमी शतपति पेत्र नांवाच्या शिष्याच्या पायां पडतो, तर पेत्र त्याला हाताला धरून उठवितो. एकाच ग्रंथांत वांकणें एकदां चालतें आणि एकदां चालत नाहीं, हें कसें? पुष्कळ वर्षांनीं, ग्रीक अक्षरें ओळखूं लागल्यावर, मला कळलें कीं या दोन्ही ठिकाणीं मुळांतील क्रियापद एकच आहे. त्याचें नांव 'प्रोस्कुनेओ'.

या शब्दांत दोन तुकडे आहेत. 'प्रोस' म्हणजे 'कडे', आणि 'कुनेओ' म्हणजे 'चुंबन घेणें'. देवतेच्या दिशेनें हात ओठांशीं नेऊन आदर दाखविण्याच्या जुन्या रीतींतून हा शब्द निघाला असावा, असें तज्ज्ञ मानतात. आपणहि देव्हाऱ्याकडे पाहून बोटें ओठांना लावतोंच. ग्रीक लोक हा शब्द आपल्या देवतांविषयीं वापरीत. पुढें त्यांचा संबंध इराणी साम्राज्याशीं आला आणि शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. इ. स. पूर्वी पांचव्या शतकांतील इतिहासकार हेरोडोटस यानें इराणी लोकांच्या भेटीचा रिवाज वर्णिला आहे. दोघे बरोबरीचे असतील तर मुखाचें चुंबन घेतात. एक थोडा कमी असेल तर गालाचें. आणि एक फारच खालच्या पायरीचा असेल, तर तो दुसऱ्यापुढें जमिनीवर पडतो. या शेवटल्या क्रियेला हेरोडोटस 'प्रोस्कुनेओ' म्हणतो. देवापुढचा शब्द अशा रीतीनें माणसापुढच्या लोटांगणालाहि लागला, आणि भांडणाचें बीज पडलें.

त्या भांडणाच्या दोन कथा सांगण्यासारख्या आहेत. स्पार्टाच्या लोकांनीं एकदां इराणच्या बादशहाचे दूत विहिरींत टाकून मारले होते. पुढें त्या पापाचें प्रायश्चित्त म्हणून स्पर्थियस आणि बुलिस हे दोघे स्पार्टन स्वेच्छेनें प्राण देण्यास सूसा राजधानींत गेले. तेथें पहारेकऱ्यांनीं त्यांचीं डोकीं दाबून बादशहा झर्क्सीस याच्यापुढें लोटांगण घालावयास लाविलें. मरावयास आलेल्या त्या दोघांनीं तेवढें मात्र केलें नाहीं. माणसापुढें लोटांगण घालण्याचा आमचा रिवाज नाहीं, आणि आम्ही त्यासाठीं आलोंहि नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. प्राण देऊं, पण मान वांकविणार नाहीं, हा त्यांचा बाणा होता. झर्क्सीसनें त्यांना जिवंत परत पाठविलें, हें त्याला शोभण्यासारखेंच झालें.

दुसरी कथा सिकंदराची. इ. स. पूर्वी ३२७ च्या सुमारास, आजच्या अफगाणिस्तानांतील बाल्ख येथें, सिकंदरानें आपल्या मॅसिडोनियन सरदारांकडूनहि इराणी पद्धतीचें लोटांगण घेण्याचा प्रयत्न केला. अ‍ॅरिस्टॉटलचा नातलग कॅलिस्थेनिस यानें त्याला विरोध केला. देवाचा मान निराळा आणि माणसाचा मान निराळा, हा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. सिकंदराला तो बेत सोडावा लागला. परंतु कॅलिस्थेनिस थोड्याच काळांत एका कटाच्या आरोपांत गुंतला गेला व प्राणास मुकला.

आपल्या देशांतहि हेंच नाटक झालें. अकबराच्या दरबारीं बादशहापुढें 'सिजदा' करण्याची चाल पडली. ईश्वराखेरीज कोणापुढें मस्तक भुईला लावणें धर्मसंमत नव्हे, असें धर्मनिष्ठ मुसलमानांचें म्हणणें होतें. आणि शहाजहानच्या कारकीर्दींत ती चाल बंद झाली. इंग्रज वकील सर टॉमस रो हा १६१६ च्या आरंभीं अजमेरला जहांगिराला भेटला. त्यानेंहि मस्तक जमिनीला लावण्यास नकार देऊन आपल्या देशाच्या रीतीनें मुजरा करण्याची परवानगी मिळविली. काल व देश बदलला तरी प्रश्न तोच : हें वांकणें कोणाला?

आतां ख्रिस्ती शास्त्राकडे वळूं. यहुदी लोकांचें धर्मशास्त्र मूळ हिब्रू भाषेंत आहे. इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकापासून मिसरांतील अलेक्झांड्रिया शहरीं त्याचें ग्रीक भाषांतर होऊं लागलें. हिब्रूंत भुईपर्यंत वांकण्याचा जो शब्द आहे, त्याला भाषांतरकारांनीं 'प्रोस्कुनेओ' हाच शब्द योजिला. आणि तो देवापुरता राखला नाहीं. अब्राहाम आपल्या पत्नीच्या दफनासाठीं जमीन विकत घ्यावयास जातो, तेव्हां त्या देशच्या लोकांपुढें तो वांकतो. तेथें हाच शब्द. याकोब आपल्या रागावलेल्या वडील भावाला भेटावयास जातांना सात वेळां भुईपर्यंत लवतो. तेथेंहि हाच शब्द. आणि इराणच्या दरबारांतील मर्दखय हा हामान नांवाच्या मंत्र्यापुढें वांकण्याचें नाकारून साऱ्या जमातीचें मरण ओढवून घेतो; तेथेंहि हाच. म्हणजे सभ्यता, क्षमायाचना, दास्य आणि भक्ति हे चारहि भाव एकाच शब्दाच्या पोटीं सुखानें नांदत होते.

नव्या करारांत हें क्रियापद एकूण ६० वेळां येतें. मत्तयाच्या शुभवर्तमानांत १३ वेळां, योहानाच्या ११ वेळां, आणि शेवटल्या प्रकटीकरण ग्रंथांत २४ वेळां. मत्तयाच्या आरंभींच पूर्वेकडचे मागी लोक बाळ येशूला शोधीत येतात. त्यांच्या येण्याचा हेतु या क्रियापदानें सांगितला आहे. थोडें पुढें सैतान येशूला जगांतील राज्यांचें वैभव दाखवितो आणि त्याच्या मोबदल्यांत केवळ एक लोटांगण मागतो. तेथेंहि शब्द हाच. आणि उत्तरांत हा मान एका ईश्वराचाच, असें येशू बजावितो. मार्काच्या शुभवर्तमानांत शिपाई येशूला कांट्यांचा मुगुट घालतात व थट्टेनें त्याच्यापुढें गुडघे टेकतात. तेथेंहि शब्द बदलत नाहीं! भक्ताचें वांकणें आणि थट्टेखोराचें वांकणें यांना भाषा एकच शब्द लावते. वांकणाऱ्याच्या अंतःकरणांत काय आहे, हें सांगण्याची जबाबदारी शब्द घेत नाहीं. ती प्रसंगावर टाकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. सेंट पॉलच्या पत्रांतून हें क्रियापद जवळजवळ नाहींसेंच होतें; तें केवळ एकदां येतें. शुभवर्तमानांत येशू प्रत्यक्ष समोर आहे, आणि प्रकटीकरणांत ईश्वराचें सिंहासन समोर दिसत आहे. तेथें शब्दाची रेलचेल आहे. जेथें समोर दिसणारें असें कांहीं नाहीं, तेथें शब्दहि नाहीं. यावरून विद्वानांनीं असें अनुमान काढलें आहे, कीं हा शब्द कधींहि निव्वळ मनोभावाचा झाला नाहीं. त्याला समोर कोणीतरी लागतें, आणि वांकावयास पाठीचा कणा लागतो. नगद नारायणाच्या गडावर राहणाऱ्या आम्हां लोकांना हें चटकन् उमगेल. हा नमस्कार रोखीचा आहे, उधारीचा नाहीं.

पेत्राची कथा मीं वर सांगितलीच. कर्नेल्य हा रोमी सैन्यांतील शतपति. आणि पेत्र हा गालील प्रांतांतला मासे धरणारा कोळी. राज्यकर्त्यांचा अधिकारी जिंकलेल्या प्रजेंतील एका कोळ्याच्या पायां पडतो, आणि कोळी त्याला उठवून, मीहि तुझ्यासारखा माणूसच आहें, असें सांगतो. प्रकटीकरणांत तर योहान देवदूताच्या पायां पडूं लागला असतां देवदूतहि त्याला अडवितो, आणि आपण दोघे एकाच धन्याचे चाकर आहों, असें म्हणतो. त्या आजीच्या बोलण्यांतला 'एकाम्होरं' हा शब्द कोठून आला होता, तें मला येथें समजलें.

या एका शब्दाच्या भाषांतरानें युरोपांत मोठें रणहि माजविलें होतें. संतांच्या चित्रांपुढें वांकावें कीं नाहीं, हा वाद पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळींत शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. ७८७ सालीं नायसिया येथील धर्मसभेनें असा निवाडा दिला कीं, चित्राला 'प्रोस्कुनेसिस' म्हणजे आदराचें नमन करण्यास हरकत नाहीं. परंतु 'लात्रेया' म्हणजे खरी उपासना ही ईश्वराचीच. भेद मोठा सूक्ष्म आणि शहाणपणाचा होता. परंतु तो निवाडा लॅटिनमध्यें उतरून फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या पंडितांच्या हातीं पडला, तेव्हां भाषांतरकारानें 'प्रोस्कुनेसिस' या शब्दासाठीं 'आदोरात्सिओ' हा शब्द घातला होता. त्यांत देवाच्या आराधनेचा अर्थ ठळक होता. चित्रांची आराधना करा असें सभेनें सांगितलें, अशी पश्चिमेकडील मंडळींची समजूत झाली, आणि ७९४ सालीं फ्रँकफुर्ट येथील सभेंत त्यांनीं तिचा निषेध केला. मतभेद दुसरेहि होते, हें खरें. पण एका शब्दानें त्यांत तेल ओतलें.

इंग्रजीची गोष्ट याच्या उलट आहे. तेथें १६११ च्या प्रसिद्ध भाषांतरांत राजापुढें पडणाऱ्या नोकरालाहि 'वर्शिप' हाच शब्द लाविला आहे. त्या काळीं त्या शब्दाचा अर्थ केवळ 'मान देणें' एवढाहि होत असे. म्हणूनच मॅजिस्ट्रेटला 'युअर वर्शिप' म्हणण्याची चाल पडली. पुढें अर्थ आंकुंचित होत होत देवापुरता राहिला, आणि जुनें वाक्य नव्या वाचकाला चमत्कारिक वाटूं लागलें. शब्द जागच्या जागीं राहतो, आणि अर्थ पायांखालून निघून जातो. तो हा असा.

आतां आपल्या मराठीकडे येऊं. ख्रिस्ती कथा मराठी वेषांत प्रथम थाटानें आणली ती फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें. तो १५७९ सालीं गोव्याला आला, आणि त्याचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. आमच्या जिल्ह्यांतील आंबेजोगाईचे दासोपंत, ज्यांची लांबलचक पासोडी प्रसिद्ध आहे, ते त्याच्या थोडेंच आधीं समाधिस्थ झाले होते. इकडे दासोपंत गीतेवर लिहीत होते आणि तिकडे एक गोरा पाद्री पुराणांच्या रीतीला अनुसरून, आरंभीं ईश्वरास नमन करून, मराठी ओव्या रचीत होता. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणावयास तो कचरला नाहीं.

गद्य भाषांतराचें काम पुढें बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम केरी यानें वैजनाथ शर्मा या नागपूरकडील पंडिताच्या साहाय्यानें सुरू केलें. १८०५ सालीं मत्तयाचें शुभवर्तमान आणि १८११ सालीं नवा करार मराठींत निघाला. मुंबईस १८१३ सालीं आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं आपलें निराळें भाषांतर केलें. त्यांचा नवा करार १८२६ सालीं पुरा छापून झाला, आणि १८४७ सालीं संपूर्ण बायबल मराठींत आलें. पुढें त्याच्या अनेक शुद्ध आवृत्त्या झाल्या. या सर्व भाषांतरकारांपुढें आमचा ग्रीक शब्द दत्त म्हणून उभा होता, आणि मराठींत तर त्याच्यासाठीं शब्दांची मुळींच वाण नव्हती. 'पूजा' म्हणावें, तर गंध, फूल, नैवेद्य डोळ्यांपुढें येतो. 'मुजरा' म्हणावें, तर दरबार आठवतो. 'भजन' म्हणावें, तर टाळमृदंग वाजूं लागतात. 'दंडवत' म्हणावें, तर महानुभावांचा नमस्कार आठवतो. त्या पंथांत तर भेटतांना म्हणावयाचा शब्दच तो आहे.

आज प्रचारांत असलेल्या मराठी बायबलांत या अडचणींतून दोन शब्दांची वाट काढलेली दिसते. मागी लोक बाळाला भेटतात तेथें 'नमन', आणि योहानाच्या चौथ्या अध्यायांत शोमरोनी स्त्रीशीं संवाद होतो तेथें 'उपासना'. हिंदी भाषांतरकारांनींहि पहिल्या ठिकाणीं 'प्रणाम' आणि दुसऱ्या ठिकाणीं कधीं 'भजन' तर कधीं 'आराधना' असे निरनिराळे शब्द घेतले. मला हें सोयीचें वाटतें, आणि थोडें नुकसानीचेंहि वाटतें. सोय अशी कीं, राजापुढचें वांकणें आणि देवापुढचें वांकणें यांत वाचकाचा घोटाळा होत नाहीं. नुकसान असें कीं, ज्या गोष्टीचा निर्णय मूळ ग्रंथ वाचकावर सोपवितो, तो येथें भाषांतरकार आधींच करून ठेवतो.

आपल्या पंडिता रमाबाईंनीं ही अडचण जवळून अनुभविली असली पाहिजे. लहानपणीं आईबापांबरोबर तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडलेली, संस्कृत जिव्हाग्रीं असलेली ही विदुषी १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती झाली. पुढें केडगांवच्या मुक्ति सदनांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर एकहातीं केलें. प्रचलित भाषांतरांतील जड संस्कृत शब्द त्यांना रुचत नसत. खेड्यांतल्या अल्पशिक्षित बाईला वाचून कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. सदनांतल्याच छापखान्यांत, तेथल्याच स्त्रियांच्या हातून तें छापलें गेलें. रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. ज्या बाईनें बालपणीं शेंकडों देवळांच्या पायऱ्यांवर डोकें ठेवलें होतें, तिला 'नमन' या शब्दाचें वजन कोणीं सांगावयास नको होतें.

आतां योहानाच्या त्या चौथ्या अध्यायाकडे पुन्हां पाहूं, कारण आमच्या शब्दाची कसोटी तेथें आहे. या क्रियापदाच्या योहानांतील अकरा उपयोगांपैकीं नऊ एवढ्या एकाच संवादांत आहेत. शोमरोनी लोक आणि यहुदी लोक यांच्यांत रोटीव्यवहारहि नव्हता. विहिरीवर पाणी भरावयास आलेली शोमरोनी बाई येशूला विचारते, तो प्रश्न जागेचा आहे : देवापुढें वांकावयाचें तें आमच्या डोंगरावर कीं तुमच्या यरुशलेमांत? उत्तर असें मिळतें कीं, डोंगरहि नव्हे आणि यरुशलेमहि नव्हे. जें वांकावयाचें तें आत्म्यानें आणि सत्यानें. मराठींत 'उपासना' वाचतांना हें वाक्य गोड वाटतें. पण मुळांत तेथें तोच भुईवर पडण्याचा शब्द आहे, हें ध्यानीं आलें म्हणजे त्याची धार कळते. देहानें करावयाची क्रिया आत्म्यानें करा, असें तें सांगणें आहे. ज्याला देवळांत जाऊं दिलें जात नाहीं, त्यालाहि ती करतां येईल.

कारण कोठें वांकावें, या प्रश्नांत कोणाला वांकूं द्यावें हा प्रश्न दडलेला असतो. प्रेषितांच्या कृत्यांत एक हबशी खोजा यरुशलेमास हेंच 'प्रोस्कुनेओ' करावयाला गेलेला दाखविला आहे. आणि जुन्या नियमशास्त्रानें तर खोजाला मंडळींत प्रवेश नाकारलेला होता. इतका दूरचा प्रवास करून बाहेरूनच वांकून परतणारा तो माणूस वाचला, कीं मला चोखोबा आठवतात. चोखोबांची समाधि पंढरपुरीं महाद्वारासमोर आहे. आणि त्यांच्या समाजाला आंत जाऊन विठोबाच्या पायांवर डोकें ठेवतां यावें, म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्यें प्राणान्तिक उपोषण करावें लागलें. एकाच समाजाला माणसांपुढें वांकण्याची सक्ती होती, आणि देवापुढें वांकण्याची मनाई होती! नमस्काराच्या इतिहासांतलें याहून लाजिरवाणें पान मला ठाऊक नाहीं. पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळींतून 'जोहार' जाऊन 'जय भीम' आला. त्या एका शब्दाच्या बदलानें किती पाठीचे कणे सरळ झाले!

आतां आपण म्हणाल, वांकणें नाकारणें हाच काय मोठेपणा? नाहीं. आमच्या भागवताच्या अकराव्या स्कंधांत याच प्रश्नाचें दुसरें उत्तर आहे, आणि पैठणच्या एकनाथ महाराजांनीं १५७३ सालीं पुरी केलेल्या आपल्या टीकेंत तें मराठींत विशद केलें आहे. कुत्रा, चांडाळ, गाय आणि गाढव यांनाहि भुईवर दंडवत घालावा, असें तें उत्तर आहे. कारण ईश्वर सर्वांभूतीं आहे. पेत्र म्हणतो, मी माणूस आहें, म्हणून माझ्यापुढें वांकूं नको. भागवत म्हणतें, सर्वत्र देव आहे, म्हणून सर्वांपुढें वांक. वरवर पाहतां हीं उत्तरें एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण तीं ज्या गोष्टीला धक्का देतात, ती एकच आहे : लहानानेंच मोठ्यापुढें वांकावें, आणि मोठ्यानें तें हक्कानें वसूल करावें, ही समजूत. वारकरी एकमेकांच्या पायां पडतात, तेथेंहि ती समजूत ढासळते. शतपतीला कोळी उठवितो, तेथेंहि ढासळते.

आणि मीं त्या दिवशीं शाळेंत जें केलें, तें या दोहोंपैकीं कोणत्याच उत्तरांत बसत नव्हतें. मला सरस्वतीचा मान नको होता. माझा शब्द मानला गेला नाहीं, याचा मला राग आला होता. त्या मुलानें तर मला नमस्कार देऊं केलाच होता. जो फरक पंडितांना नायसियाच्या सभेंत मोठ्या प्रयासानें करावा लागला, तो त्या नऊदहा वर्षांच्या पोरानें एका वाक्यांत करून दाखविला होता : माणसाचा मान निराळा, देवाचा निराळा. तें ऐकावयाला गुरुजींचे कान उघडे नव्हते.

दिवाळीनंतर तो मुलगा शाळेंत आला नाहीं. आमच्या भागांत दसरा उलटला, कीं घरेंच्या घरें ऊसतोडीला बाहेर पडतात. त्याचें घरहि गेलें होतें. तो ऊसतोडीमुळें गेला कीं माझ्यामुळें, हें मला आजवर कळलें नाहीं. त्याच्यानंतर माझ्या हाताखालून अनेक वर्षें मुलें गेलीं. पाटीपूजन होतच राहिलें. परंतु कोणीं वांकावें आणि कोणीं नुसते हात जोडावे, हें मीं पुन्हां कोणाला विचारलें नाहीं. एवढी सुधारणा माझ्यांत झाली. तीहि थोडी उशिरां झाली.

आजहि एकादशीला मी गडावर जातों, आणि समाधीपुढें माझ्या बापजाद्यांच्या रीतीप्रमाणें डोकें टेकतों. त्या ग्रीक शब्दानें मला माझा नमस्कार सोडावयास शिकविलें नाहीं. तो कोणाला करतों आणि कोणाकडून मागतों, एवढा विचार करावयास मात्र शिकविलें. तो मुलगा आतां पन्नाशीला आला असेल. कोठें तरी त्याच्या कानांवर माझा आवाज पडत असेल, तर त्यानें एवढें समजावें, कीं त्याच्या गुरुजींना त्याचें उत्तर कळलें.

श्रोतेहो, माझी वेळ संपली. आपणां सर्वांना हात जोडून नमस्कार.